शिपाई, कारकून आणि दोनशेवाले सर

मी कॉलेजात जाईपर्यंत आमच्या घरात कोणाचं रक्त कधी तपासलं गेलं नव्हतं. रक्त नव्हतं असं नाही. बाबा रायपूरला भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हमाली करायचे, त्यामुळे ते अधूनमधून दिसायचं, कधी अंगठ्यातून, कधी गुडघ्यातून. आई त्यावर हळद दाबायची आणि तपासणी संपायची. पोटाचा तर आमच्याकडे एकच रोग होता, गॅस. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या गँगमध्ये इकडे आले आणि गॅसने गेले. आत्याचे सासरे गॅसने गेले. शेजारचा ड्रायव्हर ट्रकखाली आला, तेव्हासुद्धा आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दोन शहाण्यांचं मत पडलं की त्याला सकाळपासून गॅस होता.

घर म्हणजे सिमेंटच्या पत्र्याखालची एक खोली. आजूबाजूच्या कारखान्यांची काळी भुकटी दिवसभर उडायची. पांढरा युनिफॉर्म दोरीवर टाकला की वाळेपर्यंत करडा व्हायचा. त्याच करड्या युनिफॉर्मात मी बारावी झाले, मग बी.एस्सी. झाले, वर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. आमच्या घराण्यात पहिलीच. हे मी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. डिग्रीचा कागद बाबांनी फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगला. आई रोज सकाळी दोघांनाही उदबत्ती ओवाळते. देवांचं त्यांना माहीत, पण डिग्री पावली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली.

आणि तिथे दोनशेवाले सर भेटले. म्हणजे डिग्रीने आपलं काम केलं आणि डिग्रीचं शिकवायचं राहिलेलं काम सरांनी.

सर डॉक्टर नव्हते. ग्रॅज्युएटही नव्हते. मॅट्रिक आणि एक जुनं सरकारी सर्टिफिकेट, एवढ्या भांडवलावर ते चाळीस वर्षं रक्त पाहत होते. रिटायर झाल्यावर दवाखान्याने त्यांना कंत्राटावर परत बोलावलं, कारण रक्तात काही विचित्र दिसलं की मोठमोठे डॉक्टर गुपचूप खाली येऊन त्यांनाच विचारायचे आणि वर जाऊन स्वतःच्या नावावर सांगायचे. शर्टाच्या खिशात तीन पेनं, तिन्ही बंद पडलेली. चालणारं पेन ते मोज्यात खोचायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "खिशातला पेन डॉक्टर नेते. मोज्यातला कोनी मागत नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "शिकल्या किती?" एवढंच विचारलं.

"बी.एस्सी. सर. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे."

"अरे वा. कुठल्या तुम्ही? म्हणजे रायपूरच्या कशा?"

"आजोबा रेल्वेत होते."

"म्हणजे डब्यातून उतरलेले. आमी मराठ्यांच्या राजवटीत घोड्यावर आलो." मग जरा थांबून स्वतःच दुरुस्ती केली, "घोडा दुसऱ्याचा होता, हे खरं."

त्या दिवसापासून मी 'ग्रॅज्युएट बाई'. नाव आयुष्यात एकदाही घेतलं नाही.

दोनशेवाले का, तेही सांगते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी एकेक करून मोजायच्या, कोणत्या जातीची किती. सगळी दुनिया शंभर मोजते. आता तर दुनिया मोजतही नाही, मशीन मोजतं. सर दोनशे मोजायचे. त्यांच्याकडे खटके असलेलं जुनं मोजयंत्र होतं, शंभर झाले की त्याची घंटी वाजायची. टिंग. लोक सुस्कारा सोडायचे आणि सर पुढचे शंभर सुरू करायचे. मधे कोणी बोललं की पुन्हा एकपासून. आणि बोलणाऱ्याला जायची परवानगी नाही, दोनशे होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. ही शिक्षा वाटत नसेल तर कोणाच्या मानेच्या मागे पंधरा मिनिटं गप्प उभं राहून पाहा.

एकदा दवाखान्याचे मोठे साहेब पाहुणे घेऊन आले. "और ये हमारी अत्याधुनिक लैब..." असं त्यांनी सुरू केलं आणि सरांनी मान न वळवता डावा हात वर केला. साहेब थांबले. पाहुणे थांबले. टिंग वाजली. एका पाहुण्याला वाटलं सुटलो, त्याने तोंड उघडलं. हात वरच. अत्याधुनिक लॅबमध्ये सगळे शाळेतल्यासारखे उभे. दुसरी टिंग वाजली तेव्हा सर वळून म्हणाले, "हां, अब बोलिए. कौन हैं ये लोग?"

मशीनला ते 'सूनबाई' म्हणायचे. रोज सकाळी कापडाने पुसायचे, प्रेमाने. "सूनबाई कामाची आहे," ते सांगायचे, "मिनिटात सगळं मोजून देते. पन घरात काय चाललं, ते तिले कोनी सांगत नाही." म्हणून घरातलं ते स्वतः विचारायचे. रक्त काढण्याआधी पेशंटला पंधरा मिनिटं बाकावर बसवायचं आणि पंचनामा करायचा. चढून आला की लिफ्टने? ताप? दाढ दुखते? पायाला कुठं फोड आहे? कोणाशी भांडून आला? आणि शेवटचा ठरलेला प्रश्न, आवाज उतरवून, "कोनी काही गोळी दिली? डॉक्टरनं नाही. दुसऱ्या कोनी?"

पेशंट वैतागायचे. एकाने तर विचारलं, "खून निकालना है कि एफआईआर लिखनी है?"

"खून तो आप दे ही दोगे," सर म्हणाले, "बयान दो."

मग ती माहिती ते रिपोर्टच्या तळाशी पेन्सिलीने लिहायचे. 'पेशंट तीन मजले चढून आला, दम लागलेला.' 'डावी दाढ किडलेली.' 'सोबत सासू होती.' ऑफिसने एकदा पत्र पाठवून खुलासा मागितला की सासूचा रक्ततपासणीशी संबंध काय. सरांनी लेखी उत्तर दिलं, 'घाबरलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. सासू जवळून पाहावी.' अशी पत्रं गंज आली होती, ढीगभर. सर त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ओल्या काचपट्ट्या वाळत घालायचे.

मला हे सगळं भैताडपणाचं, खुळचटपणाचं वाटायचं, हे कबूल करते. मी ग्रॅज्युएट होते. मला सूनबाई चालवता यायची. सरांनी पहिल्या आठवड्यात मला एक काचपट्टी तीनदा मोजायला लावली आणि माझी तीन उत्तरं तीन तऱ्हेची आली.

"अभिनंदन," ते म्हणाले. "एका काचीवर तुमाले तीन पेशंट सापडले. असं कॉलेजातच शिकवत असतील."

शिकवलं त्यांनीच. न्यूट्रोफिल म्हणजे शिपाई. "पाहा याचं डोकं, तीन-चार तुकड्यात वाटलेलं. एका जागी नसतेच. पन कुठं गडबड झाली का हाच आधी पळते, काठी घेऊन." लिम्फोसाइट म्हणजे कारकून. "याचं सगळं अंग म्हणजे डोकंच. बसल्या जागेवरून हलत नाही, पन दुश्मनाची फाइल याच्याजवळ राहते." आणि त्या बारीक बारीक प्लेटलेट्स म्हणजे ठेकेदार. "जिथं मोडतोड तिथं हजर. चोराच्या घराचीही डागडुजी करून देतात, त्याईले काय."

पुस्तकात हे असं नव्हतं. पण पुस्तकातलं मी विसरले, हे विसरले नाही.

अशात एक तरुण डॉक्टर लॅपटॉप घेऊन खाली आले. त्यांचा अभ्यास पोटाच्या कॅन्सरचा. आमच्या दवाखान्यात ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांच्या जुन्या फायली काढायच्या, ऑपरेशनच्या आधीच्या रक्तातले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, एवढा आकडा लिहायचा, आणि पुढे कोण किती जगलं ते लिहायचं. जगभर लोक हे पाहत आहेत, असं त्यांनी सांगितलं. ज्यांचा आकडा मोठा त्यांचं पुढचं बहुधा वाईट निघतं. नवी तपासणी नको, नवा खर्च नको. दोन्ही आकडे रिपोर्टात पडलेलेच असतात, फक्त भागाकार कोणी केलेला नसतो.

"बात सही है, डॉक्टर साहब," सर म्हणाले. सर कोणाला सहजी सही म्हणत नसत, म्हणून मी कान टवकारले. "ज्या हापिसात शिपाई वाढले अन् कारकून कमी झाले, ते हापीस बुडाले आलं समजा. पन तुमी लॅपटॉपवर एका रेघेच्या वरचे आकडे लाल अन् खालचे हिरवे करून राहिले, ती रेघ कोनी ओढली?"

"लिटरेचर से, सर."

"सगळ्याईची रेघ एकाच जागी आहे?"

"नहीं... हर पेपर में थोड़ी अलग है."

"म्हणजे साडीच्या दुकानासारखं. फिक्स रेट. दुकान बदललं का रेट बदलते."

डॉक्टर हसले. स्वभावाने भला माणूस होता. सरांनी विचारलं की पंचनाम्याचे रकाने कुठे आहेत, कोणाला ताप होता, कोणाची दाढ, कोणाच्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले की एवढ्या पेशंटमध्ये ते सगळं धुऊन जातं.

"गर्दीत धुऊन जाते, हे मान्य. पन तुमच्या समोर गर्दी येते का? एकच जन येते, टोपी हातात घेऊन."

रकाने भरायचं काम माझ्याकडे आलं, ग्रॅज्युएट म्हणून. मी दोन महिने ओळी भरल्या. लाल ओळींच्या शेवटच्या रकान्यात बहुतेकदा तारीख असायची. हिरव्या ओळींत बहुतेकदा तो रकाना रिकामा. रिकामा म्हणजे माणूस जिवंत. इतक्या ओळी भरल्या की पुढे पुढे शेवटचा रकाना पाहायची गरजच वाटेना. आकडा पाहिला की मी मनातल्या मनात निकाल लावायची. मला त्याचा अभिमानही वाटायचा. हे लिहिताना हात अडतो, पण वाटायचा.

त्याच काळात बाबांचं जेवण सुटलं. आधी गॅस, मग जास्त गॅस, मग उलट्या, मग शौचाला काळं. मी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. दुर्बिणीने पाहिलं, तुकडा काढला, कॅन्सर निघाला. पोटाचा. सर्जन मॅडमनी सगळे फोटो पाहिले आणि स्पष्ट सांगितलं की गाठ अजून पोटातच आहे, काढता येईल, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन करू, तोवर रक्ताच्या तपासण्या करून घ्या.

बाबांचं रक्त मी स्वतः काढलं. सकाळी सातला, कारण सर नऊला यायचे. मला बाबांना त्या बाकावर बसवून चारचौघांत पंचनामा करून घ्यायचा नव्हता. आणि विचारायचं काय? माझेच बाबा. काय खातात, कुठे जातात, दाढा किती उरल्या, सगळं मला पाठ. नळी सूनबाईला दिली, तिने मिनिटात कागद बाहेर टाकला.

शिपायांनी हापीस गच्च भरलं होतं. कारकून औषधापुरते. भागाकार मी तोंडीच केला.

लाल. रेघेच्या जरा वर वगैरे नाही. माझ्या दोन महिन्यांच्या ओळींत एवढा मोठा आकडा बोटावर मोजण्याइतक्या लोकांचा होता आणि त्यांच्या शेवटच्या रकान्यांतल्या तारखा मला तोंडपाठ होत्या.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा जेवत बसले होते. आठ दिवसांपासून त्यांची भूक परतली होती, तोंडही जरा भरलं होतं. दिवा विझायच्या आधी मोठा होतो, असं मला वाटलं. बी.एस्सी.त हे शिकवत नाहीत, तरी वाटलं.

"आई, ऑपरेशनचा काही फायदा नाही," मी म्हणाले.

"कोन म्हनते?"

"रक्त म्हणते."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डिग्रीकडे. तिने वाद घातला नाही. पोरगी शिकलेली, पोरगी त्याच दवाखान्यात, पोरगी म्हणते म्हणजे झालं. "मंग कापाले कायले द्याचं," ती हळूच म्हणाली. "अभनपूरले नेऊ. आत्याजवळ राहतीन. तिकडं कोनी जडीबुटीवाला आहे म्हनतात."

"हव," बाबा म्हणाले. "मलेही कापून घ्याचं नाहीच. आनिक एक पोळी वाढ."

असा निर्णय झाला. घराण्यातल्या पहिल्या ग्रॅज्युएटने एका भागाकारावर बापाचं ऑपरेशन रद्द केलं. कोणत्या डॉक्टरला विचारलं? कोणालाच नाही. गरज काय? बुधवारी सकाळी अभनपूरला निघायचं ठरलं.

मंगळवारी मी सरांकडे सुट्टी मागायला गेले. ते मोजत होते. डोळा नळीला, बोटं खटक्यांवर. मला नियम माहीत होता. पण तोंडातून निघून गेलं, "सर, मला सुट्टी पाहिजे. बाबांना गावाला नेतोय. त्यांचा आकडा वाईट आलाय, ऑपरेशन करत नाही आहोत."

खटके थांबले. टिंग वाजली नव्हती. सरांनी नळीवरून डोळा काढला. सर त्या लॅबमध्ये होते तोवर त्यांना मधे थांबताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"किती?"

मी आकडा सांगितला.

"रक्त कोनी काढलं?"

"मी."

"बसवलं होतं? विचारलं होतं?"

"माझेच वडील आहेत, सर."

"म्हनूनच नाही विचारलं." आतापर्यंत मला ते अहो-जाहो करायचे, त्या दिवशी एकदम तूवर आले. "बाप जेवते तुहा?"

"आठ दिवसांपासून जास्तच जेवतात."

"कॅन्सरवाला मानूस जास्त जेवून राहिला, अन् तुले काही वाटलं नाही. तोंड?"

"भरलंय थोडं."

"झोप?"

"येत नाही म्हणतात. पहाटेपासून उठून बसतात."

सरांनी काचपट्टी झाकली, मोज्यातलं पेन काढून पाहिलं, परत मोज्यात ठेवलं. "चाल. स्कूटरवर बस. अन् रस्त्यात बोलू नको, मी गतिरोधक मोजतो."

भनपुरीपर्यंत सव्वीस होते. आमच्या दाराशी स्कूटर लावताना त्यांनी तेवढंच सांगितलं.

आईने खाटेवर चादर टाकली, चहाला पळायला लागली. सरांनी तिला थांबवलं. "चहा राहू द्या वहिनी. बसा. तुमची पोरगी विसरली ते विचाराले आलो. भाऊले कोनी काही गोळी देली? डॉक्टरनं नाही. दुसऱ्या कोनी?"

"नाही बाप्पा," आई म्हणाली. चटकन म्हणाली.

सर गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं मला ओळखीचं होतं. हात वर केलेला नव्हता, एवढाच फरक. आई आधी पदर चाळवत राहिली, मग बाबांकडे पाहिलं, मग उठून तांदळाच्या डब्यात हात घातला आणि आतून कागदाची पुडी काढली. पांढऱ्या बारीक गोळ्या.

"ताकदीच्या आहेत," ती म्हणाली. "पाऱ्यातल्या डॉक्टरनं देल्या. औषध नाही, ताकदच आहे नुसती. दोन सकाळी, दोन संध्याकाळी."

"कायले देल्या?"

आई माझ्याकडे पाहत नव्हती. "रक्त तपासनार म्हने. आता हिच्याच हापिसात तपासनार, हिच्याच संगतचे लोक पाहनार. बापाचं रक्त कमजोर निघालं तर हिले काय म्हनतीन? का ग्रॅज्युएट पोरीच्या बापाच्या अंगात रक्त नाही? म्हटलं आठ दिवस आधीपासून ताकद देतो. चांगलं निघाले पाहिजे ना, साहेब. पोरीची इज्जत आहे तिथं."

मी भिंतीला टेकून उभी होते. वर फ्रेम होती.

सरांनी गोळी हातावर घेतली, चष्मा वर करून पाहिली. "हे स्टेरॉइड असनार. भूक लावते, तोंड फुगवते, झोप उडवते. अन् रक्तात शिपायाईले सगळ्याईले रस्त्यावर आनते, कारकुनाईले लपवते. वाऽ वहिनी. तुमी भाऊले पास कराले गेल्या, अन् हिनं नापास करून टाकला. एकाच घरात परीक्षाही झाली, निकालही लागला, मास्तरले कोनी विचारलंच नाही."

"मंग मी मरून नाही राहिलो?" बाबांनी विचारलं.

"ते मले नाही माहीत, भाऊ," सर म्हणाले. "हिलेही नव्हतं माहीत. तेच तर सांगून राहिलो."

मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, आणि खरं तर मला ती हवीच होती. पण ते चिडलेले नव्हते. "लाल ओळीतलेही काही जन जिते होते ना तुह्या त्या यादीत?"

होते. थोडे होते. रिकामे रकाने. मी ते भरताना पाहिले होते आणि न पाहिल्यासारखे केले होते.

"त्याईच्या घरी कोनी ग्रॅज्युएट नव्हतं म्हनून वाचले," सर म्हणाले आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

त्याच दुपारी त्यांनी आम्हाला सर्जन मॅडमसमोर उभं केलं, पुडीसकट. मॅडमनी आधी पुडी पाहिली, मग मला. "रेशियो देखकर ऑपरेशन किसने कैंसल किया? मैंने तो नहीं किया."

सरांनी माझं नाव सांगितलं नाही. अर्थात त्यांना माझं नाव माहीत होतं की नाही, हाही प्रश्नच आहे.

"उस नंबर से मैं ये सोचती हूँ कि मरीज़ पर कितनी नज़र रखनी है," मॅडम म्हणाल्या. "ये नहीं कि मरीज़ रखना है या नहीं. और ये गोली छुपाकर टेबल पर आ जाते, तो टाँके भरने में कितनी दिक़्क़त होती, मालूम है?" मग त्यांनी गोळ्या एकदम बंद न करता कशा कमी करायच्या ते कागदावर लिहून दिलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. रद्द नाही, पुढे. आईने तो कागद दोनदा मला वाचायला लावला. मी वाचला, पण आता तिने तो मॅडमकडूनही एकदा वदवून घेतला. घरात माझ्या शब्दाची किंमत त्या दिवशी जेवढी उतरली तेवढी बरोबरच उतरली.

गोळ्या सुटल्यावर काही दिवसांनी बाबांचं रक्त पुन्हा काढलं. या वेळी नऊनंतर. बाबा बाकावर पंधरा मिनिटं बसले आणि सरांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी इतकी रंगून दिली की मागे रांग लागली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना बसवून एवढं विचारत होतं. कोणाशी भांडून आला, या प्रश्नावर तर त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीच्या मुकादमापासून सुरुवात केली.

काचपट्टी सरांनी स्वतः मोजली. टिंग. टिंग. मी श्वास सोडला. सर पुढे मोजतच राहिले. तिसरी टिंग, चौथी टिंग. चारशे. मी हे आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आकडा खूप उतरला होता. हिरवा झाला नव्हता. डॉक्टरांच्या त्या रेघेच्या जरासा वरच राहिला.

"कमी झाला म्हनून तुहा बाप वाचन, असं नाही," सर म्हणाले. "अन् वर राहिला म्हनून जाईन, असंही नाही. आता मॅडमले काम करू दे." आणि रिपोर्टच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं, 'गोळी बंद. दाढ ठीक. मुकादमावर राग, जुना. मुलगी सोबत होती.'

मी त्यांना विचारलं, मुलगी सोबत असण्याचा रक्ताशी काय संबंध. ते म्हणाले, "जवळून पाहावी."

पुढच्या वर्षी सरांचं कंत्राट वाढवलं नाही. दुसरी सूनबाई आली, पहिलीपेक्षा शिकलेली, आणि पेन्सिलीचे शेरे कोणत्याच नियमात बसत नव्हते. निरोप समारंभाला भाषणं झाली, 'अपूरणीय क्षति' वगैरे झालं. सर उठले आणि म्हणाले, "चाळीसच्या वर वर्षं झाली, आज पहिल्यांदा इतके लोक माझ्यासमोर बोलले अन् मी काही मोजत नव्हतो. कठीण गेलं." खाली बसले. समोसे खाल्ले. शंकर नगरातल्या घरी परत जाताना मोजयंत्र आपलंच आहे, हे सिद्ध करायला त्यांना गेटवरच्या शिपायाला पावती दाखवावी लागली. पावती मोज्यात होती.

आता मी त्या लॅबची इन्चार्ज आहे. तरुण डॉक्टरांच्या अभ्यासात एक रकाना वाढला, 'तपासणीच्या आधी घेतलेली इतर औषधे', आणि आमच्या फॉर्मवर रक्त काढण्याआधीचे सात प्रश्न छापलेले असतात. मी लिहिले आहेत. सासूचा प्रश्न ऑफिसने काढायला लावला, बाकी राहिले.

बाबांचं ऑपरेशन झालं, पोटाचा बराचसा भाग काढला, त्यानंतरची औषधंही पूर्ण झाली. त्यांची ओळ मीच भरली, लाल रंगात. तिचा शेवटचा रकाना तीन वर्षांनंतरही रिकामा आहे. बाबा दिवसातून सहा वेळा थोडं थोडं जेवतात.